संगणकावर आळ घेण्याआधी

२०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला, संजय सरोवराचे दरवाजे उघडावे लागले आणि वैनगंगा भंडारा शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर लोकांनी आधी घरे धुतली, भिजलेले धान्य पसरले आणि मग दारातल्या गाड्यांकडे पाहिले. सीटच्या वर पाणी गेलेल्या गाडीचे काय करायचे हा प्रश्नच नव्हता, ती टो करूनच न्यायची. फसतो तो घोट्याएवढे पाणी आलेल्या गाडीचा मालक. मॅट उन्हात टाकले, दारे दोन दिवस उघडी ठेवली, सेल्फ मारला, गाडी लागली. सगळे ठीक झाले असे वाटते. अशा गाडीचे दुखणे काही महिन्यांनी वर येते. चालता चालता इंजिन बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते, डॅशबोर्डवर चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि विझतो. मग कुणीतरी सांगते, ‘ईसीएम गेला, बदलावा लागेल.’

या एका वाक्याची किंमत कित्येक हजार रुपये असते. म्हणून ते खरे आहे की नाही, हे कसे पाहायचे ते समजून घेणे गाडीवाल्याच्याही कामाचे आहे आणि गॅरेज चालवणाऱ्याच्याही. माझे मत आधीच सांगतो: ईसीएम खराब होतो, पण ज्या गाड्यांत त्याच्यावर आळ येतो त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत तो निर्दोष असतो. दोष त्याच्यापर्यंत येणाऱ्या विजेत, अर्थमध्ये, कपलरमध्ये किंवा एखाद्या सेन्सरमध्ये असतो. आणि जिथे तो खरोखर जळालेला असतो, तिथे त्याला जाळणारे कारण बहुधा बाहेरच बसलेले असते.

ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक, ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची एक चपटी पेटी. काही गाड्यांत तो बोनेटखाली बॅटरीशेजारी असतो, काहींत डॅशबोर्डखाली पायाच्या बाजूला. त्याचे काम किती बारीक आहे ते एका हिशोबाने कळेल. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५० फेरे झाले. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडरला एकदा पेट्रोल लागते, म्हणजे चौघांना मिळून सेकंदाला १०० वेळा. प्रत्येक वेळी नोझल किती हजारांश सेकंद उघडे ठेवायचे आणि ठिणगी नेमकी कधी टाकायची, हे ईसीएम ठरवतो. क्रँकची जागा, हवेचे प्रमाण, पाण्याचे तापमान, पॅडल किती दाबले, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सगळे सेन्सर त्याला सतत कळवत असतात.

हे यंत्र जगात तसे जुने आहे. जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत आली. इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच संगणकाने सांभाळायची पद्धत १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूत. आपल्याकडे ते प्रदूषणाच्या नियमांमुळे घरोघर पोचले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरासाठी युरो निकषांच्या तारखा ठरवून दिल्या आणि कार्ब्युरेटरचे दिवस भरले. पुढे बीएस-४ देशभर १ एप्रिल २०१७ ला आणि बीएस-६ १ एप्रिल २०२० ला लागू झाले. आता ईसीएमशिवाय पेट्रोल-डिझेलची नवी कार रस्त्यावर येऊच शकत नाही. भंडारा जिल्ह्याला वाहनांची विद्या परकी नाही. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना १९८० च्या दशकापासून आहे, आणि महामार्गावरच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्सचा आवाज ऐकून कुठले बेअरिंग गेले ते सांगणारे मिस्त्री आजही भेटतात. पण ईसीएम आवाज करत नाही. त्याला ओळखायचे तर कानाऐवजी मल्टिमीटरवर भरवसा ठेवावा लागतो, आणि सवयीतला हा बदल सोपा नाही.

तपासाची सुरुवात बहुतेक ठिकाणी स्कॅनरने होते. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक कपलर असते, त्याला स्कॅनर जोडला की ईसीएमने नोंदवलेले दोषांक दिसतात. इथेच पहिली चूक होते. दोषांक म्हणजे निकाल, असे धरले जाते. खरे तर दोषांक ही ईसीएमची तक्रार असते, आणि ती कशाबद्दल आहे एवढेच त्यातून कळते. पी ०३३५ दिसला तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे इतकाच त्याचा अर्थ. सेन्सर गेला, वायर तुटली की कपलर सैल आहे, ते आपणच शोधायचे. पी ०५६२ म्हणजे व्होल्टेज कमी पडले. ईसीएमने स्वतःबद्दल केलेली तक्रार वेगळी असते: पी ०६०१ त्याच्या मेमरीविषयी, पी ०६०६ त्याच्या प्रोसेसरविषयी. हे अंक दिसले तर संशय नक्की वाढतो. पण बॅटरी मरतुकडी असेल आणि सेल्फ मारताना व्होल्टेज खाली कोसळत असेल, तर चांगला ईसीएमसुद्धा असे काहीबाही नोंदवू शकतो. म्हणून अंक लिहून घ्यावेत, पुसावेत, बॅटरी नीट करावी आणि तेच अंक परत येतात का ते बघावे.

यू ०१०० हा अंक आला, किंवा स्कॅनरला ईसीएम सापडतच नसला, की लगेच ‘ईसीएम मेला’ असे म्हटले जाते. न बोलणाऱ्या ईसीएमकडे वीज पोचत नसेल, ही शक्यता कितीतरी मोठी आहे. शेतातली मोटर सुरू होत नाही म्हणून कोणी शेतकरी ती आधी विहिरीबाहेर काढत नाही. स्टार्टरपाशी जाऊन तिन्ही फेज आहेत का ते बघतो. ईसीएमच्या बाबतीत नेमके तेच करायचे असते.

बॅटरीपासून सुरुवात करावी. गाडी रात्रभर उभी असताना सुमारे १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५, आणि सेल्फ फिरत असताना १० च्या फारसे खाली जायला नको. इंजिन चालू असताना १५ च्या वर आकडा जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडलेला आहे. असा अल्टरनेटर तसाच ठेवून ईसीएम बदलला, तर नवाही धोक्यात येतो.

त्यानंतर ईसीएमच्या कपलरवर. त्याला प्लस एका वायरने येत नाही. एक वायर मेमरीसाठी कायम चालू असते, एक चावी फिरवल्यावर, आणि मुख्य करंट मेन रिलेमधून. फ्यूज डोळ्यांनी बघून सोडू नये, तो मीटरने तपासावा. रिले बदलून बघावा. यात मल्टिमीटर फसवतो ती जागा सांगतो. दहा-बारा तारांच्या वायरमधल्या बाकी सगळ्या तारा गंजून तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली, तरी मीटर ठणठणीत १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही. म्हणून ईसीएमचे कपलर काढून त्या प्लस वायरवर आणि अर्थवर इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघावा. वायर धडधाकट असेल तर बल्ब लख्ख पेटतो. गंजलेली असेल तर तांबूस मिणमिणतो, आणि त्याच वेळी मीटरवरचे १२ व्होल्ट घसरून चार-पाचावर येतात. ज्या वायरला मीटरने पास केले होते तिला बल्बने नापास केले. ही चाचणी फक्त ईसीएमला पुरवठा करणाऱ्या जाड वायरसाठी, आणि ईसीएम पूर्ण सुटा करूनच. सेन्सरच्या किंवा सिग्नलच्या वायरवर बल्ब लावला तर आत्तापर्यंत चांगला असलेला ईसीएम आपणच जाळू.

अर्थ तपासायची पद्धत तर आणखी सोपी आहे आणि सर्वांत जास्त टाळली जाते ती हीच. कपलर जोडलेले ठेवायचे, मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी कपलरच्या मागून ईसीएमच्या अर्थ पिनवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचा. आकडा ०.१ व्होल्टच्या आसपास राहिला तर अर्थ चांगला. अर्धा-एक व्होल्ट दिसू लागला तर बॉडीला घट्ट केलेला अर्थचा बोल्ट, त्याखालचा गंज, इंजिनापासून बॉडीला येणारी पट्टी, या जागा खरवडून साफ कराव्यात. भंडाऱ्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि धानाच्या बांध्यांत महिनोन्महिने पाणी उभे असते. त्या ओलीत वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीत सगळ्यात आधी गंजतो तो अर्थचा बोल्ट. दहा रुपयांचा सँडपेपर इथे जे काम करतो ते नवा ईसीएम करू शकत नाही.

वीज आणि अर्थ दोन्ही चोख आहेत आणि तरीही ईसीएम गप्प आहे, असे असेल तर सेन्सरकडे वळायचे. बऱ्याच सेन्सरना ईसीएम स्वतः ५ व्होल्ट पुरवतो, आणि एकाच लाइनवर तीन-चार सेन्सर असतात. त्यांतला एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे ५ व्होल्ट जातात. स्कॅनरवर एकदम चार सेन्सर बिघडल्याचे दिसते आणि कुणीही म्हणेल की चार सेन्सर एकाच दिवशी कसे जातील, ईसीएमच गेला असणार. अशा वेळी एकेका सेन्सरचे कपलर काढत जावे आणि ५ व्होल्ट परत येतात का ते बघत राहावे. ज्याचे कपलर काढल्यावर ते परतले तो सेन्सर दोषी. सगळे काढूनही परतले नाहीत तर वायरिंग कुठे तरी बॉडीला घासले आहे का ते शोधायचे. ती वायर ईसीएमपासून सुटी केल्यावरही त्याच्या पिनवर ५ व्होल्ट मिळत नसतील, आणि वीज व अर्थ तपासून झालेले असतील, तर आता ईसीएमवर बोट ठेवायला हरकत नाही.

संवादाची वायर तपासायलाही मीटर पुरतो. अलीकडच्या गाड्यांत सगळी मॉड्यूल दोन वायरींच्या कॅन जाळ्यातून एकमेकांशी बोलतात. ही पद्धतही बॉशचीच, १९८६ सालची. बॅटरी काढून स्कॅनरच्या कपलरमध्ये ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध मोजला तर बहुतेक गाड्यांत सुमारे ६० ओहम यायला हवा, कारण जाळ्याच्या दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असतात. १२० आला तर एक टोक सुटलेले आहे. शून्याच्या जवळ आला तर दोन्ही वायरी कुठे तरी चिकटल्या आहेत.

उन्हाळ्यातली तक्रार निराळी. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, गाडी साकोलीहून निघते, लाखनीपर्यंत छान चालते आणि मग बंद. थंड झाली की पुन्हा सुरू. ईसीएमच्या पाटीवरचे सोल्डर तडकले असेल तर असे होऊ शकते हे खरे. पण हीच लक्षणे तापल्यावर काम सोडणाऱ्या क्रँक सेन्सरची असतात, आणि तो ईसीएमच्या मानाने खूप स्वस्त असतो. गाडी बंद असतानाच स्कॅनर लावून सेल्फ मारावा. इंजिन फिरतेय आणि स्कॅनरवर आरपीएम शून्यच दिसतोय, तर पहिला संशय सेन्सर आणि त्याच्या वायरीवर. ही तपासणी गाडी गरम असतानाच करायची. थंड झाल्यावर गॅरेजमध्ये पोचलेली गाडी काहीच दाखवत नाही.

मग ईसीएम खरोखर कधी गेलेला असतो? एक नेहमीचा प्रकार म्हणजे त्याच्यातला एखादा ड्रायव्हर, म्हणजे नोझल किंवा कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर, जळणे. एक सिलिंडर मारत नाही, नोझल चांगले आहे, नोझलपासून ईसीएमपर्यंतची वायर अखंड आहे, बाकी तिन्ही नोझलना ठोके मिळतात आणि या एकालाच मिळत नाहीत: हा पुरावा पक्का. दुसरा प्रकार पाण्याचा. कपलर उघडले की पितळी पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय दिसते. करंट चालू असलेल्या पिनांमध्ये पाणी शिरले की धातू अक्षरशः विरघळतो, आणि वायरीच्या आतून ओल ईसीएमच्या पेटीपर्यंत चढत जाते. तिसरा प्रकार माणसाने केलेला: जंप स्टार्ट करताना उलटे लावलेले केबल, किंवा बॅटरी न काढता बॉडीला मारलेले वेल्डिंग.

या प्रत्येकात बदलण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: हा जळाला कशाने? कॉइल आतून शॉर्ट असल्यामुळे ड्रायव्हर जळाला असेल आणि कॉइल तशीच ठेवली, तर नवा ईसीएम पहिल्याच सेल्फला त्याच वाटेने जाऊ शकतो. साध्या पेट्रोल नोझलचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो. त्याहून फार कमी आला तर ते नोझल आधी बदलायचे. मालकाला दोनदा खर्चात पाडणाऱ्या कामात हेच घडलेले असते.

बदलण्याचे काम स्क्रूच्या दृष्टीने अर्ध्या तासाचे आहे. चावी काढायची, बॅटरीची मायनस सोडवायची, काही मिनिटे थांबायचे, कपलरचे लॉक उघडून ते सरळ ओढायचे, वायरींना धरून नव्हे. पिनांना हात लावायचा नाही, कारण कोरड्या हवेत अंगातली स्थिर वीजही पाटीला इजा करते. अवघड भाग पुढे आहे. पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे; एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत तो वेगळा असू शकतो. नव्या ईसीएममध्ये त्या गाडीचे सॉफ्टवेअर आणि चॅसिस नंबर भरावा लागतो. इमोबिलायझरला चावी नव्याने ओळखवून द्यावी लागते, नाही तर सेल्फ फिरेल पण गाडी लागणार नाही. डिझेल कॉमन रेलच्या अनेक गाड्यांत प्रत्येक नोझलवर छापलेला कोडही भरावा लागतो, कारण प्रत्येक नोझलचा स्वभाव किंचित वेगळा असतो. आणि हे सगळे चालू असताना बॅटरीला स्थिर आधार हवा. मधेच व्होल्टेज पडले तर अर्धवट भरलेला नवा ईसीएम मुका होऊन बसतो. वीज जाण्याची शक्यता असलेल्या गावात हे काम नुसत्या मेनवरच्या चार्जरच्या भरवशावर करू नये. शेजारी दुसरी भरलेली बॅटरी जोडून ठेवावी.

कबाडातला जुना ईसीएम स्वस्त मिळतो, आणि जुन्यातला डेटा त्यात उतरवून तो चालवताही येतो. याला माझा विरोध नाही, मात्र तो कुठल्या गाडीतून आला, ती पाण्यात होती का, हे कळल्याशिवाय घेऊ नये. पुरात बुडालेल्या गाड्यांचे सुटे भागही बाजारात येतात. ड्रायव्हर जळाला असेल तर पाटी दुरुस्त करणारे कारागीरही असतात, आणि चांगल्या हाताची दुरुस्ती वर्षानुवर्षे टिकते. एअरबॅगच्या मॉड्यूलबाबत मात्र तडजोड नको. ते जुने, उघडलेले किंवा डेटा बदललेले बसवू नये, तिथे प्रश्न जिवाचा आहे.

आता पुन्हा पुराकडे, कारण वैनगंगेच्या काठी हा प्रश्न सुटलेला नाही. कारध्याच्या पुलावर पाण्याने धोक्याची २४५.५० मीटरची पातळी गाठायची वाट न बघता गाडी उंचावर नेऊन ठेवणे, हा एकच उपाय शंभर टक्के चालतो. ते जमले नाही आणि गाडी पाण्यात आलीच, तर पाणी उतरल्यावर सेल्फ मारू नये, चावीसुद्धा फिरवू नये. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत बहुधा नाकारले जाते; त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कलम घेतलेले असावे लागते. फोटो काढावेत, विमा कंपनीला कळवावे, बॅटरीची मायनस काढावी आणि गाडी टो करून न्यावी. गॅरेजमध्ये मॅटखालची वायरिंग आणि प्रत्येक कपलर उघडून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून बसवायला सांगावे. हे काम चिकाटीचे आहे, त्याची मजुरी होते, आणि ती देण्यासारखी आहे. धान कापणीनंतर शेतातून घराकडे सरकणारे उंदीर बोनेटमध्ये शिरून वायरी कुरतडतात, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

ईसीएम बदला असे कुणी सांगितले तर त्याला नम्रपणे तीन आकडे कागदावर मागा: सेल्फ मारतानाचे बॅटरीचे व्होल्टेज, ईसीएमच्या प्लसवर बल्ब लावून आलेले व्होल्टेज, आणि अर्थवरचा फरक. चांगला मिस्त्री हे आकडे आनंदाने देतो, कारण त्याने ते आधीच घेतलेले असतात. आकडे नसतील तर गाडी दुसरीकडे दाखवा. आणि ईसीएम बदललाच, तर तो कशाने गेला ते बिलावर लिहून घ्या आणि जुना ईसीएम सोबत घरी आणा. पैसे तुम्ही मोजले आहेत, तो तुमचा आहे.